विळा ओढायचा असतो

पडद्यावरची माणसं फार लवकर मरतात, ही माझी मुख्य तक्रार आहे.

भयपट असो की गुन्ह्यांवरची मालिका, एक फटका बसतो, डोळे विस्फारतात, माणूस पडतो आणि पडला की संपला. कॅमेरा लगेच मारणाऱ्याच्या चेहऱ्यावर जातो. पडलेल्याकडे पुन्हा कुणी बघत नाही. मी बघते. मागे नेऊन पुन्हा बघते. मेलेल्या नटाच्या पापण्या हलतात, गळ्यापाशी शीर उडते. त्या नटाचा मला राग येत नाही. ज्यानं हे बघूनही पुढे जाऊ दिलं त्याचा येतो.

आई जाण्याआधी मी असलं काही बघत नव्हते. श्रीरामपूरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी काम करते आणि वाचणं ही माझी लहानपणापासूनची सवय. आई गेल्यावर पुस्तक धरवेना. पुस्तकात चार ओळी झाल्या की मन आपल्या वाटेनं निघून जायचं. पडदा तसं जाऊ देत नाही. म्हणून कामावरून आले की मी मोबाईल भांड्याला टेकवून भाजी चिरता चिरता खून बघायचे.

भयपटांनी लवकरच निराशा केली. तिथे भीती नेहमी अंधारात असते, बंद खोलीत, करकरत्या दारामागे. माझ्या आईला मारलं तेव्हा लख्ख ऊन होतं. शेजारच्या मळ्यात ट्रॅक्टरवर गाणी लावून नांगरट चालली होती. जनावरांसाठी लावलेल्या घासाच्या एका वाफ्यात पाणी सोडलेलं होतं आणि त्यात बगळे किडे टिपत होते. ते बगळे उडालेसुद्धा नसतील.

गुन्ह्यांच्या मालिकांकडून थोडी आशा होती, कारण त्या खऱ्या म्हणवतात. पण त्यांचा निवेदक काळा कोट घालून येतो आणि दर वेळी विचारतो, 'त्या बिचारीला काय माहीत होतं?' पहिल्याच दृश्यात बाई दिव्याला वात घालताना हसली की समजावं, जाहिरातीआधी ही मरणार. आणि खुनी तर घरात शिरतानाच ओळखू येतो. त्याच्या येण्याला वेगळं संगीत असतं.

आमचा खुनी असा ओळखू आला नाही. आईला अग्नी त्यानंच दिला.

आई, सत्यशीला, कोल्हारजवळच्या आमच्या मळ्यात एकटी राहायची. वडील गेल्यावर जमीन तिच्या नावावर आली होती आणि आता तिला माझं नाव सातबाऱ्यावर लावायचं होतं. माझा चुलतभाऊ कल्याण शेजारचीच जमीन कसायचा. ही जमीनही पुढे आपल्याकडेच येणार हे त्यानं धरून ठेवलेलं होतं, पण तोंडानं कधी काही बोलला नाही. आईची मोटर बिघडली की पाना घेऊन तोच यायचा, दुरुस्त करायचा, चहा घ्यायचा आणि "येतो काकी" म्हणून जायचा.

आई घासाच्या वाफ्यात सापडली. डोक्याला मागे एक जखम होती आणि कपाळावर एक. गळ्यातली बोरमाळ तुटून मणी चिखलात रुतले होते. एका कानातली कुडी गेली होती आणि दुसरी कानातच होती. उजव्या मुठीत विळा होता आणि त्याच्या पात्याला रक्त होतं. मूठ इतकी घट्ट होती की विळा काढायला पोलिसांना तिची बोटं एकेक करून उचलावी लागली. वस्त्यांवर चोऱ्या चालूच होत्या, तेव्हा चोरट्यांचं काम म्हणून तपास सुरू झाला. एवढं कळलं होतं की चोर जखमी आहे. दवाखान्यांत चौकशी झाली, मिळालं काही नाही. निरीक्षक साहेब मला म्हणाले, "पहिल्याच फटक्यात गेल्या. त्यांना काही कळलंही नसेल." ते वाक्य मी धरून ठेवलं.

मला भाऊ नाही. अग्नी मी देते म्हणाले तर भावकी गप्प बसली, आणि भावकीचं गप्प बसणं म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. सख्खा पुतण्या असताना मुलीनं कशाला, असं ठरलं. कल्याण मडकं घेऊन पुढे चालला. त्यानं डोक्याला उपरणं घट्ट बांधलं होतं आणि सरणाला फेरे घालताना तो रडत होता. ते रडणं खोटं होतं असं मला आजही म्हणवत नाही.

जो अग्नी देतो त्यानं दहाव्याला डोकं करायचं, म्हणजे भादरायचं असतं. भावकीतले वयानं लहान असलेले सगळेच करतात, पण बाकीच्यांना एक वेळ सूट असते, कर्त्याला नाही. दहाव्याच्या सकाळी कल्याणनं अंगात ताप असल्याचा निरोप पाठवला. पोलीस डोक्याला किंवा हाताला लागलेला माणूस शोधतायत, हे त्याला गावातल्या सगळ्यांइतकंच माहीत होतं. तो त्या दिवशी पुण्याला निघून गेला असता, एखाद्या दवाखान्यात सलाईन लावून पडला असता, तर कदाचित आजही मोकळा असता. पण आमच्या भावकीतली सगळ्यांत मोठी बाई राहीबाई, आईची चुलतसासू, स्वतः त्याच्या दारात गेली आणि म्हणाली, "ताप आंघुळीनं जाईल. ऊठ. चुलती काय दोनदा मरती व्हय रं?"

आणि तो उठला. मी यावर पुष्कळ विचार केला आहे. बाईचा जीव घ्यायला तो धजला होता. पण काकीचा दहावा टाकला असं चार लोकांत ऐकून घ्यायला मात्र धजला नाही.

प्रवरेच्या घाटावर छगन न्हावी ओळीनं डोकी करत होता. कल्याणची पाळी आली. त्यानं उपरणं सोडलं तेव्हा मागचे केस हळदीनं आणि कशानं तरी चिकटून त्याचा एक गठ्ठा झालेला दिसला. छगननं पाणी लावलं आणि पुढून वस्तरा चालवला. अर्धं डोकं झालं. मागे वस्तरा गेला तसा तो गठ्ठा निघाला आणि खालून एक लांब जखम उघडी पडली, काळपट, कडांना पिवळी, मध्ये ओली. चंद्रकोरीसारखी वाकडी. तिच्यातून पाण्याबरोबर पातळ रक्त मानेवर उतरलं.

छगनचा हात थांबला. "हे कशानं?" त्यानं विचारलं.

"पत्रा लागला," कल्याण म्हणाला. "चालू दे तू."

घाटावर बसलेला प्रत्येक माणूस लहानपणापासून विळ्यानं बोटं कापून घेतलेला होता. मग एकदम आठ-दहा जण उठले. त्यांनी त्याला अर्ध्या डोक्यानिशी पाण्यात ओढला. चपला, ओल्या धोतराचे पिळे, घाटावरचे दगड, जे हाताला लागेल त्यानं मारलं. त्याचं तोंड पाण्याखाली दाबलं, वर काढलं, परत दाबलं. तो ओरडत नव्हता. एका दगडानं त्याचे पुढचे दात गेले, तेव्हा फक्त घशातून खरवडल्यासारखा आवाज आला. पिंडाची पत्रावळ कुणाच्या तरी पायाखाली आली. मी पायरीवर उभी होते. मी कुणाला थांबवलं नाही आणि कुणाला मार म्हणून सांगितलंही नाही. पोलीस आले म्हणून तो वाचला. कुडी त्याच्या मोटरच्या पेटीत सापडली.

या सगळ्यावर कुठल्याही मालिकेचा शेवट झाला असता. खरा त्रास पुढे होता. कोर्टात त्याच्या वकिलानं मारल्याचं नाकारलंच नाही. तो म्हणाला, पाण्यावरून बोलाचाली झाली, बाई विळा घेऊन अंगावर आल्या, त्यांनी पहिला वार केला, आणि हा घाबरून हातातला पाना एकदाच फिरवून बसला. तो कपाळाला लागला. त्या मागे पाइपावर आपटल्या आणि जागीच गेल्या. सोनं नंतर काढलं, चोरीचा देखावा म्हणून. प्रत्यक्ष पाहणारं कुणी नव्हतं. दोन जखमांमधली आधीची कोणती, हे कुणी ठामपणे सांगितलं नव्हतं. एकाच फटक्याची गोष्ट टिकली असती तर तो काही वर्षांत बाहेर आला असता.

सरकारी वकिलांना ती गोष्ट मोडायची होती. मलाही मोडायला हवी होती. पण त्या गोष्टीत आई पहिल्याच फटक्यात जात होती, आणि मी रोज संध्याकाळी ज्या मालिका बघत होते त्यांत मला हेच हवं होतं की एकानं तरी पटेल असं दाखवावं, माणूस एका फटक्यात जातो. एकानंही दाखवलं नाही. मला सगळ्या खोट्या वाटत राहिल्या.

अशाच एका रागात मी एका मराठी वाहिनीला लांबलचक मजकूर लिहिला. तुमच्या मालिकेतल्या बायका मरताना हातपाय झाडत नाहीत, त्यांच्या साड्या चुरगळत नाहीत, मारणारा दमत नाही, असं पुष्कळ. शेवटी लिहिलं की हे मला का माहीत आहे. दोन दिवसांनी त्यांच्या दिग्दर्शकाचा फोन आला. समर्थ नाव, पुण्याचा, बोलायला नम्र. म्हणाला, "ताई, तुम्ही लिहिलंय ते एकूणएक बरोबर आहे. तुमच्या आईंचीच गोष्ट करू या का? नावं बदलू. चुकतो तिथे तुम्ही थांबवा." मी हो म्हणाले. भावकीत कुणाला पटलं नाही. मला कुणीतरी माझ्यासमोर ते करून दाखवायला हवं होतं, एवढंच मला कळत होतं.

शूटिंग आमच्याच मळ्यात ठेवलं, भर सकाळी. राहीबाई काठी टेकत आली आणि बांधावर मिसरी लावत बसली. तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे तिची मतं सगळ्या मळ्याला ऐकू जात होती. आईचं काम करणारी स्नेहल नावाची मुलगी पन्नाशीची दिसावी म्हणून तिच्या केसांना पांढरं लावलं होतं.

"ही सत्यशीला?" राहीबाई म्हणाली. "हिच्या हाताला फोड बी न्हाई. घास कापाया आलीय का हळदीकुकवाला?"

स्नेहल हसली आणि तिच्यापाशी जाऊन पाया पडली. त्यानंतर राहीबाई जरा कमी बोलली.

कल्याणचं काम करणारा उंच मुलगा होता. कल्याणही उंच होता. वकिलानं सांगितलेलीच गोष्ट समर्थनं आधी बसवायला घेतली, कारण ती कोर्टाच्या कागदावर आलेली होती. दोघं समोरासमोर उभे राहिले, बोलाचाली झाली आणि स्नेहलनं विळा डोक्यावर उगारून खाली आणला.

"नारळ फोडतीय का काय गं?" राहीबाई ओरडली. सगळे हसले.

मी पुढे गेले आणि स्नेहलच्या हातातून विळा घेतला. तो खोटा होता, धार नसलेला, पण वाक बरोबर होता. मी वाफ्यात उकिडवी बसले, घासाची मूठ धरली आणि तिला दाखवलं. "विळा मारायचा नसतो," मी म्हणाले. "पलीकडे घालायचा आणि आपल्याकडे ओढायचा. आयुष्यभर ज्यानं घास कापलाय तो जीव वाचवायलाही असाच चालवेल."

ती पटकन शिकली. मग ती उभी राहून त्या मुलावर तसा विळा चालवू लागली. समोरून हात घालून ओढला की विळा कधी त्याच्या दंडाला लागायचा, कधी कमरेला. फार ताणलं तर खांद्याला. ती त्याच्या छातीएवढी होती. आईही तेवढीच होती.

"पण जखम डोक्याच्या मागे होती ना?" समर्थ म्हणाला. "तिथे हात पोचतच नाही." त्यानं मुलाला जरा वाकायला सांगितलं. तरी जमेना. भांडणात अंगावर येणारा माणूस असा डोकं पुढे करून कशाला वाकेल, हेही त्याला पटेना. शेवटी तो म्हणाला, हे नंतर बघू, आधी सोनं काढायचं दृश्य बसवू.

स्नेहल वाफ्यात उताणी पडली. मुलगा तिच्यावर वाकला आणि खोटी कुडी काढू लागला. कुडीला मागून फिरकी असते आणि ती आट्यांवर बसते. त्याला ती सापडेना. एका हातानं कान धरून, तोंड कानाजवळ नेऊन तो फिरकी फिरवत राहिला, आणि त्याचं डोकं तिच्या छातीवर आलं. पडून पडून कंटाळलेल्या स्नेहलनं डोळे उघडले, हातातला विळा वर नेला, त्याच्या डोक्यामागे अडकवला आणि गमतीनं म्हणाली, "अरे बाबा, किती वेळ? संपवू का तुला?"

लोक हसले. मी वाफ्यात उतरून त्यांच्याजवळ गेले.

विळ्याचं टोक त्याच्या डोक्यावर मागे नेमकं तिथे टेकलं होतं जिथे छगनचा वस्तरा थांबला होता. तिनं तो आपल्याकडे ओढला असता तर जखम मागून वरती येत गेली असती, तशीच वाकडी.

आई घास कापत बसली होती. पाठ त्याच्याकडे होती. त्यानं मागून पाना घातला. ती पडली. मेली समजून त्यानं तिला उताणी केली, बोरमाळ तोडली आणि कुडी काढायला वाकला. एका कानातली निघाली. तोवर ती जिवंत होती. दुसऱ्या कानाकडे वळला तेव्हा तिनं विळा घातला आणि ओढला. मग त्यानं कपाळावर मारलं.

मी समर्थला म्हणाले, "मी सांगते तसं एकदा करा. चित्रीकरण नको. फक्त करा." मी त्या मुलाला मागून यायला लावलं. स्नेहलला पडायला लावलं. "आता डोळे मिटू नकोस," मी तिला सांगितलं. "उघडे ठेव." मुलगा फिरकी काढू लागला. फिरकी आट्यात अडकली, परत फिरली. रक्तानं बोटं निसरडी झाली असतील तर याहून जास्त वेळ लागला असेल. स्नेहल आभाळाकडे बघत पडली होती. कुडी निघाली. तो दुसरीकडे वळला, तिनं विळा घातला, ओढला, तो ओरडून मागे झाला आणि त्यानं पाना उचलला.

"मार," मी म्हणाले.

तो थांबला. "ताई, हे..."

"मार."

त्यानं मारलं, तिच्या कपाळाशेजारच्या मातीत. माती उडाली. एकदा मारून तो थांबणार होता. पाना पुन्हा वर गेला आणि दुसऱ्यांदा मातीत बसला, आणि मग त्यानं तो टाकून दिला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. स्नेहल उठून बसली आणि मोठ्यानं रडू लागली. राहीबाई मिसरी लावायची थांबली होती.

समर्थ माझ्याजवळ आला. त्याचे डोळे ओले होते आणि तरी तो म्हणाला, "ताई, हा शेवट आपण घेऊ या. असं कुणी दाखवलेलं नाही." तो वाईट माणूस नाही. मी त्याला म्हणाले, निकाल लागेपर्यंत नाही. तुला आज काही घ्यायचंच असेल तर एका फटक्याचं घे. तसलं तुम्ही नेहमीच करता. त्याला ते लागलं असावं. त्यानं सामान आवरायला सांगितलं.

बांधावरूनच मी सरकारी वकिलांना फोन केला आणि म्हणाले की कल्याणची जखम ज्या डॉक्टरांनी तपासली त्यांना पुन्हा बोलवा आणि एवढंच विचारा: जखम कुठे खोल आणि कुठे उथळ, आणि विळा कुठून कुठे ओढला गेला. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "याचा उपयोग होईल, फार होईल. पण रेश्माताई, पुढचा प्रश्नही निघेल. त्या वेळी त्या शुद्धीत होत्या का. उत्तर भर कोर्टात येईल. तुम्ही त्या दिवशी आला नाहीत तरी चालेल."

मी येईन म्हणाले.

मी गेले. राहीबाईही हट्टानं आली आणि माझ्याशेजारी बाकावर बसली. कल्याण पिंजऱ्यात उभा होता, पुढचे दात नसलेला, पूर्वीपेक्षा बारीक. त्यानं आमच्याकडे बघितलं नाही. डॉक्टर म्हणाले, जखम मागे खोल आणि वर येता येता उथळ होत गेलेली आहे. समोर उभ्या, कमी उंचीच्या व्यक्तीनं वार केल्यास अशी होणं अवघड. खाली उताण्या पडलेल्या व्यक्तीनं, वाकलेल्या माणसाच्या डोक्यामागे विळा घालून स्वतःकडे ओढल्यास होईल. कल्याणच्या वकिलानं हरकती घेतल्या, उलटसुलट विचारलं. आणि मग न्यायाधीशांनीच विचारलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि उत्तर दिलं. आवाज लहान होता.

राहीबाईनं माझा दंड धरला. "काय म्हनला गं डाक्तर?"

मी तिच्या कानाला तोंड लावलं. कोर्टात बोलायचं नसतं, पण तिला हळू सांगून ऐकू येत नाही.

"आई जिवंत हुती म्हनला," मी म्हणाले. "शुद्धीवर हुती. तिला समदं कळत हुतं."

माझा आवाज सगळ्या दालनात गेला. शिपायानं माझ्याकडे बघितलं, पण गप्प राहायला सांगितलं नाही. राहीबाईनं दंड सोडला नाही. न्यायाधीश खाली मान घालून लिहीत होते, आणि ते लिहून होईपर्यंत मी पिंजऱ्याकडे बघत बसले.